४२.३४ कुठंय, सांगा ना!

थांबा, आधी बसून घ्या. नको, उभेच राहा, मलाच बसवत नाहीये! गेले नऊ दिवस मी ऑफिसात, शेअर रिक्षात, भाजीच्या ठेल्यावर, जिन्यात, जो भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलेय. आता पीथमपुरात सांगायला माणूस उरला नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. ऐका!

आधीच कबूल करते, मी कुणी इतिहासाची जाणकार नाही. गिअर बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात बिलं आणि चलानं बघते. रेडिओतलं तर मला इतकंच कळायचं की एक बटण आवाजाचं आणि दुसरं स्टेशनचं. आता मात्र तिसरं बटण कसलं तेही कळतं, त्यामुळे घरात माझं वागणं सहन होत नाही म्हणे.

झालं असं की रविवारी अटालेवाला आला. (इकडे इंदूर-धारकडे भंगाराला अटाला म्हणतात आणि वीस वर्षांत तो शब्द माझ्या मराठीत असा मुरलाय की माहेरी वरोऱ्याला गेले की भावजय हसते.) मी रद्दी मोजून देत होते आणि त्याच्या हातगाडीवर, फुटक्या कूलरच्या खाली, चामडी कव्हरातला एक रेडिओ पडलेला! साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, काचेखाली लाल काटा, आणि काचेवर बारीक आकडे! १६, १९, २५, ३१, ४१, ४९! मला वाटलं, हे स्टेशनांचे नंबर असावेत, सिटी बसच्या रूटसारखे. हसू नका! दीडशे मागितले, रद्दीचे पैसे त्यातच वळते केले आणि मग वरून चाळीस देऊन मी तो रेडिओ पदराखाली लपवून घरात आणला, कारण घरात अटाला आणायचा नाही हा माझाच नियम आहे.

चार सेल घातले. खरखर! नुसती खरखर! पण काय सुंदर खरखर, सांगू? पत्र्यावर पाऊस पडावा तशी!

आमच्या वरच्या मजल्यावर सुभेदार काका राहतात. मूळ साताऱ्याकडचे, लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले. महू इथून हाकेच्या अंतरावर, तिथं सिग्नलवाल्यांचं मोठं कॉलेज आहे, तिथं त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. मी रेडिओ घेऊन वर गेले. काकांनी तो दोन्ही हातांत असा घेतला, जसं कुणी बाळंतिणीचं मूल घेतं. आकडे म्हणजे मीटर, लाटेची लांबी, असं मला समजावलं. आणि मग त्यांनी नखानं काचेवर ४१ च्या जरासं पलीकडे, ४९ च्या बाजूला, टकटक केलं आणि म्हणाले, “इथं एक मुलगी बोलायची.”

कोण मुलगी?

“उषा मेहता. ४२.३४ मीटर. बेचाळीस साली. तुला ठाऊक नाही?”

नव्हतं ठाऊक! सांगायला लाज वाटते, पण नव्हतं! तिच्यावर २०२४ मध्ये सिनेमा आला, ‘ऐ वतन मेरे वतन’, सारा अली खाननं काम केलं, माझ्या मुलीनं तो पाहिला, मी त्या वेळी बहुतेक लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. पन्नाशी आली आणि मला उषा मेहता ठाऊक नव्हती. असू दे. उशिरा कळण्यातही एक मजा आहे, सगळं एकदमच अंगावर येतं!

त्या रात्री मी झोपलेच नाही. ऐका आता.

८ ऑगस्ट १९४२. मुंबई, गोवालिया टँक मैदान. गांधीजी ‘भारत छोडो’ म्हणतात आणि ९ तारखेच्या पहाटे सगळे पुढारी उचलले जातात. सगळे! वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधलेल्या. कुठे काय चाललंय कुणाला कळेना. आणि मग ही मुलगी, वय वर्षं बावीस, विल्सन कॉलेजची पदवीधर, वडील इंग्रजांच्या राज्यात न्यायाधीश होते (न्यायाधीश! त्या बिचाऱ्यांच्या जिवाचं काय झालं असेल!), ही आणि तिचे चार-दोन मित्र ठरवतात की आपण रेडिओ स्टेशन काढायचं. आपलं! गुपचूप! भर युद्धात, जेव्हा हौशी रेडिओवाल्यांचे परवाने सरकारनं १९३९ मध्येच बंद करून टाकले होते!

अहो, मला सोसायटीच्या गणपतीला लाउडस्पीकर लावायचा तर तीन सह्या घ्याव्या लागतात!

पैसे? एका नातेवाइकानं आपले दागिने पुढे केले, उषाबेननी घेतले नाहीत. (सगळे त्यांना उषाबेन म्हणायचे, आता मीही म्हणते, जशी काही माझी मावशीच.) बाबूभाई खाखर नावाचे सहकारी होते, त्यांनी पैशांची जुळवाजुळव केली. विठ्ठलदास झवेरी होते, चंद्रकांत झवेरी होते. आणि नानिक मोटवाने! यांच्यापाशी मी अर्धा तास अडकले. शिकागो रेडिओवाले मोटवाने. गांधीजींचे सभेतले जुने फोटो आठवा. समोर माइक असतो, त्यावर पट्टी असते, पट्टीवर काय लिहिलेलं असतं? शिकागो रेडिओ! लहानपणापासून शाळेच्या पुस्तकात मी ती पट्टी बघतेय, मला वाटायचं गांधीजी शिकागोला बोलतायत! ते सभांना लाउडस्पीकर पुरवणारे मोटवाने, आणि या चोरट्या स्टेशनच्या यंत्रसामग्रीलाही त्यांचाच हात! मी मध्यरात्री ओरडलेच. नवरा म्हणाला, पाल आहे का?

२७ ऑगस्ट १९४२ ला पहिलं प्रसारण. चौपाटीवरच्या एका इमारतीतून. सुरुवातीला ‘हिंदुस्ताँ हमारा’ची तबकडी, मग घोषणा: काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटर, हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून. ‘कुठल्याशा ठिकाणाहून’ हे माझं सगळ्यात आवडतं! स्टेशन सांगतंय मी कुठल्या लाटेवर आहे, पण कुठल्या गल्लीत ते नाही सांगणार जा! मग बातम्या, भाषणं, हिंदुस्थानीतून आणि इंग्रजीतून, आणि शेवटी ‘वंदे मातरम्’. आधी दिवसातून दोनदा, पुढे फक्त संध्याकाळी, साडेसात ते साडेआठ. राममनोहर लोहिया भूमिगत होते, ते येऊन मिळाले. अच्युतराव पटवर्धनही बोलायचे, आपले नगरचे अच्युतराव! सरकारी रेडिओला, म्हणजे ऑल इंडिया रेडिओला, ही मंडळी ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत. इंग्रजीत दोन्हींचं लघुरूप तेच! बावीस-पंचविशीतल्या पोरांचा टोमणा आहे हा, लगेच ओळखू येतो.

आता जागा बघा. आठवडा-पंधरवड्यानं बिऱ्हाड हलवायचं. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, शेवटी महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला. मी काकांना विचारलं, इतकं कशाला हलायचं? काकांनी माझ्याच वाण्याच्या यादीच्या मागे दोन ठिपके काढले. म्हणाले, ही पोलिसांची एक गाडी, ही दुसरी. गाडीवर फिरतं एरियल. ते फिरवत राहायचं, आवाज कुठून येतो ती दिशा पकडायची, रेघ मारायची. दुसऱ्या गाडीची दुसरी रेघ. रेघा छेदतात तिथं तुमची उषाबेन! म्हणजे बोलत राहिलं की सापडायचं, आणि न बोलून चालायचं नाही! ती यादी मी अजून फाडली नाही. एका बाजूला तूरडाळ, साबुदाणा, हिंग, दुसऱ्या बाजूला दोन रेघा आणि मधे फुली.

आणि लॅबर्नम रोड म्हणजे काय, ठाऊक आहे? मणिभवन तिथंच आहे, गांधीजी मुंबईत उतरायचे ते घर! पुढे कितीतरी वर्षांनी त्याच मणिभवनाच्या संग्रहालयाच्या उषाबेन अध्यक्ष झाल्या! ज्या रस्त्यावर यंत्र लपवलं त्याच रस्त्यावर राजरोस खुर्ची! मी हे रिक्षात सांगितलं तर शेजारची बाई सागौर नाक्याच्या आधीच उतरली. तिला तिथं उतरायचं नसावं.

पण मला खरं गदगदून आलं ते पुढेच.

या स्टेशननं कुठल्या बातम्या दिल्या? जमशेदपूरचा संप. चितगावचा बॉम्बहल्ला. आणि चिमूर! चिमूर-आष्टी! अहो, माझं माहेर वरोरा! चिमूर तिथून पन्नासेक किलोमीटर! माझ्या आजीच्या तोंडी ‘चिमूरच्या वर्षी’ असं यायचं. अमक्याचं लग्न चिमूरच्या वर्षी, तमकी विहीर चिमूरच्या आदल्या वर्षी. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथं लोक उठले, तुकडोजी महाराजांची भजनं अंगात भिनलेली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, जमावानं अधिकारी मारले, आणि मग फौज आली आणि गावातल्या बायकांवर जे झालं ते आजी कधी पुरतं सांगायची नाही. त्या ठिकाणी आली की पदर तोंडाला लावायची आणि चुलीत लाकूड सारायची. ते छापायला बंदी होती. आणि तेच या मुलांनी रेडिओवरून सांगितलं! गिरगावच्या नाहीतर चौपाटीच्या एका बंद खोलीतून, चिमूरचं नाव! आजीकडे रेडिओ नव्हता. गावात कुणाकडे असला तर सावकाराकडे. आपल्या वाट्याचं कुणी मोठ्यानं बोललं होतं हे तिला कधी कळलंच नाही, आणि मला कळलं ते अटाल्यातल्या दीडशे रुपयांच्या डब्यामुळे!

इथं मी जरा थांबले होते. चहा केला. दोन कप प्यायले.

बरं, आता कळस ऐका. हे सगळं बोललेलं उरलं कसं? उषा ठक्कर यांनी काँग्रेस रेडिओवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलंय, २०२१ चं, मी मागवलं, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतेय. त्यात प्रसारणांचे मजकूर आहेत. कुणी लिहून ठेवले ते? पोलिसांनी!! पोलीस रोज संध्याकाळी कान लावून बसायचे, शब्दन् शब्द उतरवायचे, फायलीला लावायचे! म्हणजे या स्टेशनचे सगळ्यात नेमाने ऐकणारे श्रोते कोण, तर खुद्द सरकार! आमच्याकडे ऑडिटवाले येतात तेव्हा मी यापुढे त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघणार आहे.

१२ नोव्हेंबर १९४२. बाबूभाईंच्या ऑफिसवर धाड पडलीय. उषाबेन तिथून निसटतात आणि कुठे जातात? घरी? मामाकडे? स्टेशनवर! आजचं प्रसारण व्हायचंय ना! ज्यानं यंत्र बांधून दिलं तो तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती सापडलाय, त्यानंच पत्ता दाखवलाय. बंगल्यात उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी. ‘हिंदुस्ताँ हमारा’ झालं, बातम्या झाल्या, शेवटची ‘वंदे मातरम्’ची तबकडी लावली आणि मग दारावर धक्के, आणि मग दार फुटलं आणि मग दुसरं दार आणि मग पोलीस आत, आणि अधिकारी म्हणतो तबकडी बंद करा, आणि ही बावीस वर्षांची मुलगी म्हणते नाही! ‘वंदे मातरम्’ मधेच थांबवायचं नाही! तबकडी फिरतेय, पोलीस उभे आहेत! पोलिसांनी बावीस पेट्या नेल्या, फोटो आणि काँग्रेस अधिवेशनांच्या बोलत्या फिल्मा भरलेल्या. मुलगी बावीसची आणि पेट्याही बावीस, असले योगायोग टिपून ठेवायची मला खोडच लागलीय सध्या.

२७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. अठ्ठ्याहत्तर दिवस. बस! माझं स्वयंपाकघराचं ओट्याचं काम याहून जास्त दिवस चाललं होतं.

आणि मग? मग ती गप्प बसली! हेच तर! सहा महिने चौकशी, एकांतवास, साथीदारांची नावं सांग तर परदेशी शिकायला पाठवतो अशी लालूच. कोर्टात तिनं न्यायाधीशांना विचारलं, उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का? ते म्हणाले, नाही. मग तिनं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. एकाही! जिचा आवाज ऐकायला सरकारनं माणसं बसवली होती, ती हातात आल्यावर तिच्या तोंडून एक शब्द मिळेना! बाबूभाईंना पाच वर्षं, तिला चार, चंद्रकांतना एक. विठ्ठलदास आणि मोटवाने सुटले. ती येरवड्याला. १९४६ मध्ये बाहेर आली, मोरारजी देसाई तेव्हा मुंबईचे गृहमंत्री होते, त्यांनी सोडलेल्या राजकीय कैद्यांत ती पहिली. मग पीएच.डी., गांधीजींच्या विचारांवर. मग तीस वर्षं विल्सन कॉलेजात शिकवलं, विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाची प्रमुख झाली, १९९८ ला पद्मविभूषण. हे मी भराभर सांगतेय, कारण हे कुठेही मिळेल. मला त्यातलं एकच धरून ठेवावंसं वाटतं: खादीच्या साडीतल्या या प्राध्यापिकेच्या वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजत असेल, आणि त्याला काय ठाऊक कुजबुजीची उस्ताद समोर उभी आहे!

मी हे आमच्या सासूबाईंना सांगितलं. त्या जन्मानं इंदूरच्या, रेडिओ म्हटलं की त्यांचं एकच: नंदाजी-भेराजी! आकाशवाणी इंदूरवर माळवी बोलीत शेतकऱ्यांशी गप्पा मारणारी जोडी. “ते बोलायला लागले की आमचा गडी हातातली बादली खाली ठेवायचा,” त्या म्हणाल्या, आणि मग दोन्ही आवाज काढून दाखवले, ऐंशीव्या वर्षी! मला हे आत्ता कळतंय! त्या घरात इतकी वर्षं राहून! आणि मग मी आणखी उकरायला लागले. मांडूच्या वाटेवर आपल्याच धार जिल्ह्यात नालछ्याला भिली बोलीतला ‘वन्या’ रेडिओ काढला होता. साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे, गावच्या बायका माइकवर! आणि मुळात हवेतल्या लाटा सरकारच्या बापाच्या नाहीत, जनतेच्या आहेत, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये सांगितलं, त्या निकालात न्यायमूर्ती कोण? पी. बी. सावंत! आपले! म्हणजे १९४२ साली ज्या कामासाठी चार वर्षं कैद, त्या कामाला आता परवाना मिळतो आणि वर उद्घाटनाला नारळ! काका म्हणाले, बातम्या मात्र अजूनही स्वतःच्या देता येत नाहीत हो या छोट्या स्टेशनांना. मी म्हटलं, काका, माझ्या आनंदात खडे टाकू नका. पण खडा बरोबर बसला.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला थांबवलं ते यासाठीच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला मी काटा तिथं नेला. ४१ च्या जरासं पलीकडे. खरखर, घरघर, शेजारच्या मिक्सरची किरकिर. काहीच नाही. अर्थात काहीच नसणार, मला कळतं, मी इतकी काही ही नाही! पण हात हलेना. आणि मग, ऐका, लाइट गेली! सबंध कॉलनीची! ट्यूबा गेल्या, मिक्सर गेला, कुणाचा टीव्ही गेला, आणि ती खरखर अशी खाली बसली जसा दुधाचा फेस बसतो, आणि त्याच्याखालून, त्या काळोखात, माणसाचा आवाज! बदक बोलावं तसा, नाकातून, एक शब्द कळेना, पण माणूस! ४२.३४ वर माणूस!!

मी दोन-दोन पायऱ्या चढत काकांकडे. काका हसायला लागले. म्हणाले, तीनशेला ४२.३४ नं भाग. मी मोबाइलवर भागलं. साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. सात ते सात पॉइंट दोन हा पट्टा आज हौशी रेडिओवाल्यांचा, परवानेवाल्यांचा. ते ज्या पद्धतीनं बोलतात ती तुझ्या या साध्या रेडिओवर बदकासारखीच ऐकू येते. आणि तुझ्या घरातले एलईडी आणि मिक्सर खरखर करतात, म्हणून लाइट गेली की आवाज उघडा पडतो.

तिच्या जागेवर आज हौशी लोक बसून गप्पा मारतात! ज्यांचे परवाने इंग्रजांनी बंद केले होते, तेच! तिच्याच लाटेवर! काका, तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं आणि तुम्ही शांत बसून पेपर वाचता?

तेव्हापासून रोज साडेसातला गच्चीवर माणसं वाढतायत. पहिल्या दिवशी मी एकटी, मग मुलगी, मग समोरच्या भाभीजी शेव-परमलचा डबा घेऊन, मग खालच्या फ्लॅटमधली, वेल्डिंगची शिफ्ट संपवून आलेली बिहारची तीन पोरं, त्यांतला एक चंपारणचा. सगळे रेडिओभोवती उकिडवे. आणि काय सांगू, चार दिवस झाले, लाइट जातच नाही! पीथमपुरात! एरवी कणीक भिजवायला घेतली की जाते!

काल मात्र सात अठ्ठावीसला सुभेदार काका उठले, काही न बोलता जिना उतरले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. जिन्याखाली आमच्या इमारतीचा मेन स्विच आहे. ‘खट्’ झालं. सगळ्या मजल्यांवरून एकदम “अरे! सीरियल!” असा ओरडा उठला, भाभीजींनी तोंडात पदर कोंबला, चंपारणच्या पोरानं काटा हळूच ४१ च्या पलीकडे सरकवला, आणि सेक्रेटरींचे बूट जिना चढू लागले तसा तो बदकाचा आवाज वर आला.